मागे उरलेलं देऊळ : हॅम्बुर्ग, बर्लिन, अँटवर्प आणि तेर्फ्यूरेनचे सहा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे हॅम्बुर्गला गेले होते, परत येऊन आता तीन आठवडे होतील. तिकडच्या शाळांनाही नेमकी त्याच सुमारास सुट्टी असते, त्यामुळे माझी अकरा वर्षांची भाची मोकळी होती आणि तिला मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की या वेळी आपण दोघींनी झू बघत फिरायचं. मी पुण्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी मुलांना कात्रजला नाहीतर मुंबईला राणीच्या बागेत नेते, मुलं पाटी वाचतात, वहीत उतरवतात, पुढच्या पिंजऱ्याकडे पळतात. त्या पाटीवर काय लिहायचं हे कोणी ठरवलं, प्राण्याच्या मागे देखावा कसला असावा हे कोणी ठरवलं, हे गेली दोन-तीन वर्षं माझ्या डोक्यात घोळतंय. ज्या शहरांतून ही सगळी रीत जगभर गेली ती शहरं एकदा डोळ्यांनी बघायची होती.

दिवस पहिला, हॅम्बुर्ग

विमानतळावर ताई आणि भाची दोघी आल्या होत्या. बाहेर आठ-नऊ डिग्री, आणि पाऊस असा की पडतोय की नाही कळत नाही पण अर्ध्या तासात अंगावरचं सगळं ओलं होतं. घरी गेल्यावर वरणभात, तूप, लिंबाची फोड, मी नेलेला चिवडा. झोपायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून संध्याकाळी भावोजींबरोबर बंदराकडे चालत गेलो.

बाकेनहाफेन म्हणून जुना धक्का आहे, आता तिथे नव्या नव्या इमारती, कॅफे, मुलांना खेळायला जागा. भावोजी म्हणाले, "तुम्ही झू बघायला आलात ना, मग सुरुवात इथूनच करा." १९०४ पासून जर्मन सैनिक याच धक्क्यावरून बोटींत चढून आजच्या नामिबियात गेले. तिथे हेरेरो आणि नामा लोकांची जी कत्तल झाली ती वंशसंहार होती हे जर्मनीने मान्य केलं २०२१ मध्ये. आणि त्या सैन्याला वाळवंटात वापरायला सुमारे दोन हजार उंट पुरवले ते कार्ल हागेनबेकने, म्हणजे ज्याचं झू आम्ही दुसऱ्या दिवशी बघणार होतो त्यानेच. मला त्याचं नाव फक्त 'बिनगजांच्या झूचा जनक' म्हणून माहीत होतं, आणि बीएडच्या मुलांना मी तेवढंच सांगितलंय.

दिवस दुसरा, हागेनबेक

यू-टू लाइनवर झूच्याच नावाचं स्टेशन आहे, उतरलं की दोन मिनिटांवर गेट. (टीप: शहराचा दिवसभराचा पास काढा, सुटी तिकिटं महाग पडतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी बाबागाड्यांची गर्दी होते. आणि छत्री नको, टोपीचा रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही.) वाटेत बेकरीतून फ्रान्सब्रोटशेन घेतलं, दालचिनी आणि लोण्याचं चपटं गोड पाव, हॅम्बुर्गबाहेर फारसं मिळत नाही म्हणतात. गरम गरम खा, गार झालं की चिवट लागतं.

जुनं गेट आता मुख्य प्रवेशाचं नाही, पण ते आवर्जून बघा. खांबांवर हत्तींची ब्राँझची डोकी, सिंह, पांढरी अस्वलं. हे सगळं योसेफ पालेनबेर्ग नावाच्या शिल्पकाराचं काम आणि प्राणी इतके जिवंत आहेत की हात लावावासा वाटतो. त्याच गेटवर, त्याच प्राण्यांच्या रांगेत, दोन माणसं पण आहेत. एक अमेरिकेतला मूळनिवासी, एक आफ्रिकन. भाची बराच वेळ मान वर करून बघत होती, मग म्हणाली, "मावशी, हे दोघं राखण करतायत की आत बघायला ठेवलेत?"

आता हे नीट सांगायला हवं. हागेनबेकचे वडील हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागात मासे विकायचे. १८४८ मध्ये जाळ्यात सील आले ते त्यांनी लाकडी टबात ठेवले आणि बघायला पैसे लावले, धंदा तिथून सुरू झाला. मुलाने तो इतका वाढवला की युरोप-अमेरिकेतली झू आणि सर्कशी त्याच्याकडून प्राणी घ्यायला लागल्या. १८७० च्या दशकात रेनडिअर आणायचे होते, तर एका चित्रकार मित्राने सुचवलं की रेनडिअर पाळणारे उत्तर युरोपातले सामी लोकही आण, त्यांच्या तंबूंसकट. लोक तुटून पडले. मग आफ्रिकेतल्या नुबियातले लोक आणले, ग्रीनलंडचे इनुइट आणले, श्रीलंकेतून सिंहली माणसं हत्तींबरोबर आणली. प्राणी, त्यामागे झोपडी नाहीतर देऊळ, आणि त्याच्या दारात माणूस.

१९०७ मध्ये श्टेलिंगेनला हे झू उघडलं. त्यातला देखावा बघण्यासारखा आहे हे मी मनापासून सांगते. एका ठरावीक जागी उभं राहिलं की समोर तळ्यात फ्लेमिंगो, त्यांच्यामागे झेब्रे, त्यामागे सिंह, त्याच्यावर कड्यावर डोंगरी बकरे, सगळे एकाच रानात फिरतायत असं वाटतं. मधले खंदक आपल्या नजरेला दिसतच नाहीत. कुठला प्राणी किती लांब, किती उंच उडी मारतो हे आधी मोजून घेतलं आणि त्या मापाने खंदक खणले, १८९६ मध्ये याचं पेटंटसुद्धा घेतलं होतं. आज जगभर जी 'मोकळी' झू दिसतात, आपल्याकडचीसुद्धा, ती सगळी या मापांची लेकरं. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणाऱ्या वाघापेक्षा हे केव्हाही बरं, यात वाद नाही.

पण तिथे उभं राहून मला जे वाटलं ते असं, की गजांबरोबर आणखी काय काय नजरेआड गेलं. हत्तीचं, गेंड्याचं पिल्लू हवं तर त्या काळी बहुतेकदा आईला मारूनच पकडायचे. ते आडवाटेने बंदरापर्यंत चालवत न्यायचे, वाटेत कितीतरी मरायचे. पकडणारे, पिल्लाला दूध पाजणारे, त्याची भाषा कळणारे लोक तिथले स्थानिक. यातलं काहीच देखाव्यात नाही. माणसांचे खेळ विसाव्या शतकात बंद झाले, आणि मागे काय राहिलं तर देऊळ. हागेनबेकच्या बागेत आजही ब्रह्मी देवळाचे पडके अवशेष म्हणून बांधलेली जागा आहे, फार सुंदर, वेली चढलेल्या, सगळे तिथे फोटो काढतात. मीही काढला. आधी माणसं प्राण्यांच्या शेजारी उभी केली, मग ती काढून घेतली, देखावा तेवढा ठेवला. हे वाक्य मी त्या दिवशी संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात बसून डायरीत लिहिलं आणि पुढचे चारही दिवस ते माझ्याबरोबर फिरलं.

हॅम्बुर्गमध्ये या सगळ्यावर गेल्या काही वर्षांत बरीच चर्चा झालीय, विशेषतः २०२० नंतर. ताईच्या ऑफिसातली एक बाई म्हणाली की आम्ही लहानपणी त्या गेटवर शंभरदा फोटो काढले, त्या दोन माणसांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

दिवस तिसरा, बर्लिन

सकाळच्या गाडीने मी आणि भाची बर्लिन, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. स्टेशनचं नावच झूऑलॉगिशर गार्टन. (टीप: बर्लिनमध्ये झू दोन आहेत. पश्चिमेला हे जुनं, १८४४ चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. पूर्वेला टियरपार्क, ते वेगळं आणि लांब. बुकिंग करताना बघून करा. आणि स्टेशनसमोरच्या सिंहगेटने न जाता थोडं चालून बुडापेस्टर श्ट्रासेवरच्या हत्तीगेटने आत जा.)

हत्तीगेट म्हणजे गुडघे टेकून बसलेले दोन दगडी हत्ती, त्यांच्या पाठीवर खांब आणि वर आशियाई वळणाचं रंगीत छप्पर. मूळचं १८९९ चं, युद्धात पडलं, १९८० च्या दशकात पुन्हा बांधलं. आत गेलं की काळवीट-हरणांसाठी बांधलेलं अँटिलोप हाउस लागतं, १८७२ चं, मशिदीसारखे मनोरे, नक्षी, आत आता जिराफ. एकेकाळी हत्तींना भारतीय देवळाच्या धर्तीवरचं घर होतं, ते १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. शहामृगांना इजिप्तचं मंदिर होतं, तेही गेलं. त्या काळच्या बर्लिनकराला असं फिरता फिरता अख्खं जग बघायला मिळायचं. आणि त्या जगात हत्ती म्हणजे देऊळ, जिराफ म्हणजे मनोरा. जिराफ कुठल्या मनोऱ्याखाली राहतो? त्याचा बाभळीशी संबंध, त्याला तिथे बाभळच हवी.

याच बागेत १८८० च्या शरद ऋतूत आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरचे आठ इनुइट लोक ठेवले होते, हागेनबेकने आणवलेले. दोन कुटुंबं, त्यात लहान मुलं. त्यांतला अब्राहम उलरिकाब पस्तीस वर्षांचा, लिहितावाचता येणारा, व्हायोलिन वाजवणारा. त्याने आपल्या भाषेत डायरी ठेवली. मूळ वही हरवली, जर्मन भाषांतर राहिलं. गर्दी त्यांच्या घरात घुसायची तेव्हा त्याने चाबूक आणि सील मारायचा भाला घेऊन लोकांना हाकललं, असं त्याने लिहिलंय. म्हणजे बघायला ठेवलेला माणूस बघणाऱ्यांचं वर्णन करतोय, आणि ते शांतपणे, जाणत्या माणसासारखं. आणणाऱ्यांनी या आठ जणांना देवीची लस वेळेवर टोचून घेतली नव्हती. जानेवारी १८८१ पर्यंत आठही जण देवीने गेले, शेवटचे पॅरिसमध्ये.

मी हे भाचीला सांगू की नको असा विचार करत होते. मग सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मुलं पण?" आणि माझा हात धरून चालायला लागली.

अँटिलोप हाउसमध्येच झूने स्वतःच्या इतिहासाचं एक कायमचं प्रदर्शन केलंय, २०१६ पासून. नाझी काळात ज्यू भागधारकांना कसं बाहेर काढलं तेही त्यात आहे, माणसांच्या प्रदर्शनांचा काळही आहे. जिराफ बघायला आलेली माणसं जाता जाता भिंतीवरचं वाचतात, ही जागा मला फार योग्य वाटली, वेगळ्या म्युझियममध्ये कोणी गेलं नसतं. तिथे एक सत्तरीच्या आजी बाकावर बसल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. मी पण शिक्षिका म्हटल्यावर गप्पा सुरू झाल्या, भाची दुभाषी. त्यांच्या आजीच्या अल्बममध्ये एक पोस्टकार्ड आहे, हत्ती आणि पांढऱ्या कपड्यातली सिंहली कुटुंबं, खाली छापील मजकूर. आजी ते प्रेमाने दाखवायची म्हणे, त्या हत्तीला आपण साखर दिली होती असं सांगायची. "मला ते फेकवत नाही आणि नातवंडांना दाखवायचं तर काय सांगून दाखवू कळत नाही," असं म्हणाल्या. मी म्हटलं, माणसं मोजा, हत्तीबरोबर किती आहेत ते, आणि तिथून सांगायला लागा. त्यांनी ते खरंच कागदावर लिहून घेतलं.

आता गेंडा. यासाठी मी बर्लिनला खास गेले होते. भारतीय गेंड्यांसाठी इथे २०२३ मध्ये नवा पॅगोडा झालाय, उंच, लांबून दिसणारा. जागा ऐसपैस आहे, चिखल आहे, पाणी आहे, गेंडा आरामात होता. आम्ही पोचलो तेव्हा तो पाण्यातून बाहेर येत होता. दोन हातांवरून बघितलं तर त्याची कातडी एकसारखी नसते, मांडीवर रिव्हेट ठोकल्यासारखे गोल गोल फोड, मानेखाली घड्या, घडीच्या आतली त्वचा गुलाबी आणि मऊ. वरचा ओठ बोटासारखा पुढे काढून त्याने गवताची एक काडी उचलली, एकच काडी. एवढं मोठं धूड आणि एवढं हळुवार.

जर्मनमध्ये त्याला 'पान्त्सरनासहोर्न' म्हणतात, चिलखती गेंडा. हे चिलखत कुठून आलं माहितीये? गोव्याहून. गुजरातच्या सुलतान मुझफ्फर शाहने एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, तो गोव्याहून १५१५ च्या जानेवारीत निघाला आणि मेमध्ये लिस्बनला पोचला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळदंडात बांधलेला गेंडाही बुडाला. न्यूरेंबर्गच्या ड्यूरर या चित्रकाराने तो प्रत्यक्ष न बघता, दुसऱ्याच्या वर्णनावरून चित्र कोरलं आणि कातडीचे पत्रे करून टाकले. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तेच चित्र. त्या गेंड्याला तिथे 'गांडा' म्हणत, म्हणजे आपला गेंडाच की! आणि त्याच्याबरोबर ओसेम नावाचा त्याचा राखणदार गेला होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रवासात राखणदाराचं नाव लिहून ठेवलंय, हे मला खूप मोठं वाटतं.

भाचीने विचारलं, गेंडा देवळात का राहतो. मी म्हटलं नाही राहत गं, तो आसामात, काझीरंगाच्या हत्तीगवतात राहतो, आणि तिथे आजूबाजूला मिसिंग आणि कार्बी लोक राहतात. मग ती म्हणाली, "मग त्यांचं घर का नाही बांधलं? देवळापेक्षा सोप्पं आहे." मिसिंग लोकांची घरं खांबांवर असतात, पुराचं पाणी खालून जावं म्हणून, त्याच पुरात गेंडे उंच जागा शोधतात. हे दोन्ही शेजारी दाखवलं असतं तर पोरांना पूर कळला असता, गवत कळलं असतं, गेंडा कळला असता.

रात्री स्टेशनजवळ फलाफेल, तिखट सॉस जास्त घालायला सांगितलं, तरी कमीच.

दिवस चौथा, नुसता प्रवास

बर्लिन ते अँटवर्प. पहिली गाडी दीड तास लेट, कोलोनची पुढची गाडी चुकली, प्लॅटफॉर्मवर सव्वा तास कुडकुडत बसलो, चिवडा संपला. (टीप: बदलायच्या गाड्यांमध्ये किमान एक तास ठेवा, वीस मिनिटांवर विसंबू नका.) अँटवर्पचं स्टेशन मात्र पोचल्यावर सगळा शीण घालवतं, १९०५ चं, घुमट बघत भाची उलटी चालत होती.

दिवस पाचवा, अँटवर्प

झू स्टेशनला अगदी चिकटून आहे, सामान लॉकरमध्ये टाकून थेट जाता येतं. १८४३ चं. शिरल्यावर थोड्याच वेळात इजिप्शियन देऊळ दिसतं, १८५६ चं, रंगीत खांब, चित्रलिपी, सगळं कसं झळझळीत. एवढी रंगीत इमारत ढगाळ हवेत बघून मला पहिल्यांदा नुसता आनंदच झाला आणि तो मी नाकारणार नाही. ज्यांनी ती बांधली त्यांना इजिप्तचं आकर्षण होतं, द्वेष नव्हता. तरी जिराफाशेजारी देऊळ उभं केलं की मुलाच्या मनात काय जुळतं, याचा विचार आपल्याला करावाच लागतो.

मला बघायचा होता ओकापी, कॉंगोच्या जंगलातला जिराफाचा नातलग. मूरिश देऊळ म्हणून १८८५ ची इमारत आहे, तिकडे. बाहेर पाऊस म्हणून आम्ही आत वाट बघत उभे राहिलो. तो आला तेव्हा आवाजच नाही. अंग गडद, काळपट जांभळट, ओलं मखमल असावं तसं, आणि मागच्या पायांवर पांढरे पट्टे, कोणी ब्रशने ओढून मग थांबावं असे. कान केवढे! मग त्याने जीभ बाहेर काढली, निळसर काळी, वीतभर लांब, आणि स्वतःचा डोळा पुसला. शांतपणे. नंतर कान पुसला. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

वर्गात मी आजवर सांगत आले की ओकापीचा शोध १९०१ मध्ये लागला. शास्त्रीय नाव ओकापिया जॉन्स्टोनी, युगांडातला ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन याच्यावरून. आता या शोधाची गोष्ट ऐका. कॉंगोच्या इतुरी जंगलातल्या काही म्बुती लोकांना एका खेळवाल्याने युरोपात प्रदर्शनात मांडायला पळवून नेलं होतं. जॉन्स्टनने त्यांची सुटका केली, परत पोचवायला निघाला, आणि त्यांनी त्याला त्या प्राण्याबद्दल सांगितलं. ते त्याला ओळखत होते, त्याची पावलं ओळखत होते, खड्डा खणून पकडत होते. नुसतं ओकापी हे नावही तिथल्याच लोकांचं. म्हणजे झू-बाजारासाठी पळवलेल्या माणसांनी शास्त्राला प्राणी दाखवला आणि नावात आला जॉन्स्टन. यात जॉन्स्टनने काही चोरलं असं मी म्हणत नाही, त्याने माणसं सोडवली हे खरंच आहे. पण 'शोध' हा शब्द मी इथून पुढे वर्गात असा वापरणार नाही. 'म्बुती लोकांकडून १९०१ च्या सुमारास युरोपला कळलं' असं म्हणेन, लांब आहे, पण खरं आहे.

अँटवर्पला पहिला ओकापी १९१९ मध्ये आला, आफ्रिकेबाहेर आलेला पहिलाच, दोन महिनेही जगला नाही. तेव्हा कॉंगो बेल्जियमच्या ताब्यात, म्हणून तो इथे. आणि आज जगभरातल्या झूंमधल्या ओकापींची वंशावळ, म्हणजे स्टडबुक, इथेच सांभाळली जाते. इतुरीत युद्ध, खाणी, शिकार यांनी ओकापी संकटात आहे, त्यामुळे हे काम गरजेचं आहे. वसाहतीच्या वाटेने आलेलं ज्ञान आणि आजची जबाबदारी एकाच कपाटात. म्हणूनच मला वाटतं सगळं पाडा, बंद करा म्हणणं सोपं आहे. पाटी नीट लिहिणं अवघड आहे, आणि ते करायला हवं.

दुपारी कागदाच्या शंकूत फ्राइट्स. (टीप: शाकाहारी असाल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात.)

दिवस सहावा, तेर्फ्यूरेन आणि मातोंगे

तेर्फ्यूरेन हे ब्रसेल्सजवळचं गाव, तिथे जायला ब्रसेल्समधल्या मॉंगोमेरी स्टेशनहून ४४ नंबरची ट्राम. तिकीट तेवढंच, पण शेवटचा रस्ता जंगलातून, दोन्ही बाजूंना पिवळे तांबडे बीच वृक्ष, पानांचा सडा, ट्रामच्या खिडकीवर पावसाचे थेंब. या ट्रामसाठी सुद्धा जा. (टीप: म्युझियम सोमवारी बंद.)

हे झू नाही, आफ्रिकेचं म्युझियम आहे, पण पेंढा भरलेले प्राणी इथे पुष्कळ, आणि गोष्ट तीच. १८९७ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने या बागेत २६७ कॉंगोली माणसं आणून तळ्याकाठी गावं मांडली. बघणारे खाऊ फेकायचे, तेव्हा 'यांना खायला घालू नका' अशी पाटी लावल्याची नोंद आहे. तो उन्हाळा थंड आणि ओला होता. सात जण मेले.

म्युझियम पाच वर्षं बंद ठेवून २०१८ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलं. त्यांनी काय केलं ते मी नीट बघत होते, कारण मला घरी येऊन काहीतरी करायचं होतं. जुने अपमानास्पद पुतळे काढून टाकले नाहीत, खाली एका खोलीत गोळा करून ठेवलेत आणि ते तिथे का आहेत ते लिहिलंय. गोल दालनात भिंतीवरचे सोनेरी पुतळे, 'बेल्जियमने कॉंगोला संस्कृती दिली' वगैरे, ते इमारतीचा संरक्षित भाग म्हणून हलवता येत नाहीत. तर एमे म्पाने हा कॉंगोली कलाकार आणि जाँ पिएर म्युलर यांनी त्यांच्यापुढे अर्धपारदर्शक पडदे टांगलेत, त्यावर दुसरी चित्रं, त्यामुळे पुतळा दिसतो पण एकटा दिसत नाही. आणि मगरींचं जुनं दालन जसंच्या तसं ठेवलंय, पूर्वी कसं दाखवत होते ते दाखवायला. एक भला मोठा पेंढा भरलेला हत्ती आहे, १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी मारलेला. त्या प्रदर्शनातसुद्धा कॉंगोली गाव मांडलं होतं, आणि लोकांनी केळी फेकल्यावर ती माणसं परत निघून गेली. १९५८! माझे वडील तेव्हा शाळेत होते.

सगळं पटलं असं नाही. फार मजकूर आहे, दहा वर्षांचं मूल वाचणार नाही. पण तिथे कॉंगोहून आलेली माणसं स्वतःच्या आवाजात बोलतात, व्हिडिओवर, आणि भाची तिथेच सगळ्यात जास्त वेळ बसली.

बाहेर पडून गावातल्या चर्चपाशी गेलो. भिंतीलगत सात फरशा. एकिया, गेंबा, किटुक्वा, म्पेया, झाओ, सांबा, मिबांगे. वर ओली पानं पडलेली. भाचीने प्रत्येक फरशीवरची पानं हाताने बाजूला केली, आणि नावं मोठ्याने वाचली, उच्चार येत नव्हते तरी दोन-दोनदा वाचली. मी डोळे पुसले, पाऊस होताच.

संध्याकाळी मातोंगेत जेवलो, ब्रसेल्समधली कॉंगोली वस्ती, किन्शासातल्या वस्तीचंच नाव. छोटं हॉटेल, चार टेबलं. मालकीणबाई म्हणाल्या मासा न घालता पोंडू देते. पोंडू म्हणजे कसावाची पानं कुटून पाम तेलात शिजवलेली, दिसायला आणि थोडी चवीलाही आपल्या अळूच्या फतफत्यासारखी, फक्त आंबट नाही. बरोबर तळलेली राजेळी केळी आणि पिलीपिली मिरची, नाकातून पाणी काढणारी. पहिल्यांदा सहा दिवसांत तिखट लागलं. ओकापी बघून आलो म्हटल्यावर बाई हसल्या, गल्ल्यातून कॉंगोची जुनी नोट काढून दाखवली, तिच्यावर ओकापी. "मी इथेच अँटवर्पला पाहिला पहिल्यांदा," म्हणाल्या, "माझ्या देशात असताना कधीच नाही. ते जंगल लांब आहे, आणि तिकडे जायचं तर कोण जाऊ देतं." मग नोट भाचीला देऊन टाकली.

परत आल्यावर

पुण्यात उतरल्यावर दुसऱ्या रविवारी एकटी मुंबईला राणीच्या बागेत गेले. ही बाग १८६२ ची, व्हिक्टोरियाच्या नावाने. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो इंग्लंडला न्यायला उचलताना फुटला, तुकडे इथे आणले, १९१४ मध्ये जोडले. सांधे अजून दिसतात, पोटाखालचा मी बोटाने चाचपून बघितला. बर्लिनच्या गेटवरचे हत्ती आठवले.

आपल्या पाट्यांवर काळवीट असतो, पारधी नसतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळवीट ओळखला, कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारी चित्ते शिकवले, त्यांना इंग्रजांनी कायद्यानेच गुन्हेगार जमात ठरवलं आणि तो डाग आपण अजून पुसला नाही. वाघाच्या पाटीवर वारल्यांचा वाघोबा नसतो. गव्याला आपणही इंडियन बायसन लिहितो, जे इंग्रज शिकाऱ्यांनी दिलेलं चुकीचं नाव, तो बायसन नाहीच.

माझ्या आठवीच्या मुलांना दहा प्राणी वाटून दिलेत. प्रत्येकाने पाटी लिहायची: तिथले लोक त्याला काय म्हणतात, त्याच्याबरोबर कसे राहतात, तो इथे कसा आला, कोणी आणला, आता त्याला कोण खायला घालतं. एका मुलाची आजी जुन्नरकडची, तिच्याकडून त्याने बिबट्यासाठी सात शब्द आणलेत, तीन मला माहीत नव्हते. कोळसुंद्याची पाटी अजून अडलीय, तो मुलगा म्हणतो शनिवारी मामाच्या गावाला जाऊन विचारून येतो. भाचीनेही गेंड्याची पाटी मराठीत लिहून पाठवलीय, पहिलीच ओळ अशी आहे: "हा देवळात राहत नाही."